टळलेल्या गोष्टींची वही

पेडणे आणि डिचोली हे गोव्याच्या उत्तरेचे दोन तालुके, ज्यांना जुनी माणसे अद्याप महाल म्हणतात, पोर्तुगीज अमलाखाली आले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणजे बारदेश आणि सासष्टी यांच्यामागून सुमारे दोनशे चाळीस वर्षांनी. आणि या उशिराचा परिणाम म्हणून असो अथवा राजधानी मांडवीच्या पैलतीरावर असल्यामुळे असो, पणजीस जे जे काही उभे राहिले त्याचा लाभ या महालांना मिळावयास नेहमीच एका पिढीचा विलंब लागला. पणजीची वैद्यकशाळा १८४२ सालची, आणि पाश्चात्य वैद्यक शिकविणाऱ्या आशिया खंडातील आद्य संस्थांत तिची गणना होते. तिच्यातून तयार झालेले गोमंतकीय वैद्य अंगोला आणि मोझांबिक येथपर्यंत सरकारी चाकरीस गेले. परंतु आफ्रिकेत जो डॉक्टर सहज भेटे तो पेडण्याच्या डोंगराळ वाड्यांवर मात्र क्वचितच दृष्टीस पडे, अशी तक्रार आमच्या लहानपणी वडीलधाऱ्यांच्या बैठकीत ऐकू येत असे. गोवा मुक्त झाल्यावर १९६३ साली त्या शाळेच्या जागी मुंबई विद्यापीठाशी संलग्न असे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेथून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या माझ्यासारख्यांच्या नेमणुका या नव्या काबिजादीतील, म्हणजे पोर्तुगीजांनी मागाहून घेतलेल्या मुलखातील, आरोग्यकेंद्रांवर होऊ लागल्या, आणि माझ्या नोकरीचा पूर्वार्ध पेडणे व डिचोली यांच्या दरम्यानच्या बदल्यांत गेला. उत्तरार्धात मी शिकविले. काय शिकविले, याचा खुलासा करण्यासाठी हा लेख आहे. कारण त्या विषयाला आमच्या वेळी नाव नव्हते आणि आता नाव आहे तर तो विषय उरला आहे की नाही, याची मला अधूनमधून शंका येते.

रुग्णाची सुरक्षितता म्हणजे डॉक्टराची लायकी, अशी समजूत फार जुनी आहे. गोव्याच्या नगरसभेने १६१८ सालीच असा नियम केला होता की, मुख्य वैद्याकडून परीक्षा उतरल्यावाचून कोणीही वैद्यकी करू नये, आणि हिंदू वैद्यांची संख्या तर तिसाच्या वर जाऊ देऊ नये. यात धर्मद्वेष किती आणि लोकहित किती याचा हिशेब इतिहासकारांनी करावा, परंतु परवाना तपासला म्हणजे रोगी सुरक्षित झाला, हे त्यामागचे गृहीत मात्र साडेतीनशे वर्षांनंतर माझ्या शिक्षणातही जसेच्या तसे टिकून होते. आम्हांला शरीररचना शिकविली, औषधांचे गुणधर्म शिकविले, निदानाची शिस्त लावली. आणि जो हे सर्व नीट शिकेल त्याच्या हातून रोग्यास अपाय होणार नाही, हे कोणी तोंडाने न सांगताही आम्ही सर्वांनी मानून घेतले. पेडण्यास रुजू झाल्यावर ही समजूत ढासळू लागली. आणि तिला पहिला धक्का दिला तो माझ्या रोग्यांच्या सौजन्याने.

त्या भागातला शेतकरी, विशेषतः वयस्क बाई, दोतोरासमोर बसली की तिच्या तोंडून एकच शब्द निघतो, तो म्हणजे ‘हय’. पोटात दुखते का? हय. कालपासून? हय. म्हणजे परवापासून ना? हय, दोतोर. हा अडाणीपणा नव्हे. मोठ्या माणसाचे म्हणणे त्याच्या तोंडावर खोडून काढू नये, त्यातही जो आपला जीव वाचविण्यास बसला आहे त्याचे तर नाहीच नाही, अशी ती मुरलेली रीत आहे, आणि गावच्या देवळात, भाटकाराच्या ओसरीवर, मामलेदाराच्या कचेरीत तिने त्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या संभाळले आहे. रुग्णालयात मात्र हीच रीत घातक ठरते. एका दवाखान्यात, ज्याचे ठिकाण आणि साल मी सांगत नाही, एकाच नावाच्या आणि एकाच आडनावाच्या दोन बाया लागून असलेल्या खाटांवर होत्या. यात नवल काहीच नाही, कारण नाईक, परब, गावस, गांवकर या चार आडनावांत अर्धा तालुका सामावतो आणि नावे तर देवींचीच ठेवावयाची असतात. एकीला रक्त द्यावयाचे होते. बाटली घेऊन आलेल्या परिचारिकेने जवळच्या खाटेशी थांबून नाव उच्चारून ‘तूच ना गे?’ असे विचारले, आणि बाईने ‘हय’ म्हटले. तिचेही नाव तेच होते, तेव्हा ती खोटे बोलली असे कोण म्हणेल? सुई टोचण्याच्या बेतात असताना पलीकडच्या खाटेवरच्या रोगिणीची सून, जी पेज घेऊन आली होती, ती सहज म्हणाली की, रगत आमच्या सासूक दिवपाचें आशिल्लें, दोतोर सकाळीं सांगून गेल्लो. रक्तगट निराळे होते. त्या सुनेने पेज आणावयास आणखी थोडा उशीर केला असता, तर त्या रात्री काय झाले असते, हे वैद्यकाच्या प्रथम वर्षाचा विद्यार्थीही सांगू शकेल.

पुढे काय झाले, तेच मला अधिक महत्त्वाचे वाटते. पुढे काहीच झाले नाही. रक्त योग्य बाईला चढले, दोघीही बऱ्या होऊन घरी गेल्या, केसपेपरवर या प्रसंगाची एक ओळही पडली नाही. परिचारिका आठवडाभर धास्तावलेली राहिली, आणि वरिष्ठांनी ‘झाले नाही ना काही, मग कशाला वाच्यता’ असे म्हणून प्रकरण दप्तरी दाखल होण्यापूर्वीच मिटविले. रोगी दगावला असता तर चौकशी झाली असती, जबान्या झाल्या असत्या, कदाचित पंचनामाही झाला असता. वाचला, म्हणून त्या घटनेपासून शिकण्याचा मार्गच बंद झाला. दोन्ही प्रसंगी दवाखाना तोच, बाटली तीच, आणि प्रश्न विचारण्याची पद्धतही तीच असताना, केवळ एक सून वेळेवर आली किंवा न आली एवढ्या यदृच्छेवर ज्ञान मिळणे न मिळणे अवलंबून असावे, ही गोष्ट मला त्या वेळी जितकी विलक्षण वाटली तितकीच आजही वाटते.

या कोड्याचे उत्तर मला वैद्यकाच्या ग्रंथात सापडले नाही. ते डिचोलीच्या खाणींवर सापडले.

डिचोलीस बदली झाली त्या काळी लोहखनिजाचा धंदा भरात होता. शिरगाव, मये, साखळी या बाजूंनी तांबडी धूळ उडवीत टिपर सारमानसच्या धक्क्याकडे धावत, तेथून बार्जी भरून मांडवीने मुरगावकडे जात, आणि आमच्या बाह्यरुग्ण विभागात खोकल्याचे, मोडलेल्या हाडांचे आणि रस्त्यावरील अपघातांचे रोगी अखंड येत. या खाणींनी डिचोलीची शेते आणि शिरगावच्या विहिरी यांचे काय केले, हा स्वतंत्र आणि कटू विषय आहे, आणि २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा ज्यांनी समाधानाचा श्वास सोडला त्यांच्यापैकी मी एक आहे. तथापि ज्याच्याकडून शिकलो त्याचे ऋण नाकारणे योग्य नव्हे. एका जखमी कामगाराच्या दाखल्यासंबंधी मी खाणीच्या कचेरीत गेलो असता तेथील फोरमनने आपली अपघातांची वही माझ्यासमोर उघडली. मी जखमींची नावे शोधू लागलो; पण तिच्यात कित्येक नोंदी अशा होत्या की ज्यांत कोणासही खरचटलेसुद्धा नव्हते. पावसात उतारावर डंपर घसरला, कोणी जखमी नाही, वळणाच्या कडेचा मातीचा बांध अमुक उंचीने वाढविला. यंत्राचा दोर तुटला, खाली कोणी नव्हते, दोर बदलला, त्याच तारखेचे इतर दोर तपासले. मी विचारले, कोणाला काही झालेच नाही, तर हे लिहिता कशाला? त्यावर तो गृहस्थ, ज्याचे शिक्षण माझ्या मानाने बेताचेच होते, माझ्याकडे अशा दृष्टीने पाहू लागला की जणू मी ताप नसताना थर्मामीटर कशाला ठेवता असे विचारले होते. कायदाच तसा आहे, तो म्हणाला, आणि नसता तरी लिहिले असते. आज दोर रिकाम्या जागेवर पडला, उद्या ती जागा रिकामी असेलच असे नाही.

१९५२ च्या खाण अधिनियमात, कोणास इजा झाली असो वा नसो, स्फोट, दोर तुटणे अशा घटनांची वर्दी सरकारास दिली पाहिजे, असे कलम होते, हे मी नंतर वाचले. जमिनीतून माती काढणाऱ्या धंद्यावर सरकारने स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांत जी जबाबदारी घातली होती, ती माणसाच्या शरीरात सुई खुपसणाऱ्या धंद्यावर आणखी कित्येक वर्षे कोणीही घातली नाही. खाणीच्या मालकाला सद्‌गुणांचा पुतळा ठरविण्याची माझी इच्छा नाही; वही ठेवूनही खाणीत माणसे मेली आहेत, आणि वह्या खोट्या लिहिल्या जातात हेही मला ठाऊक आहे. परंतु टळलेला अपघात हा अपघातच होय, फक्त त्याची किंमत अद्याप कोणी चुकती केलेली नाही, हा विचार माझ्या मनात शिरला तो त्या तांबड्या धुळीने माखलेल्या वहीतून.

तेव्हा मी दवाखान्यात एक वही घातली. बाजारात हिशेबासाठी मिळते तशी, लाल कापडी पुठ्ठ्याची, शिवलेली आणि पानांवर अनुक्रमांक टाकलेली. म्हणजे पान फाडले तर कळावे. तिच्यात तीनच रकाने आखले: काय होता होता राहिले, कशामुळे राहिले, आणि आता काय बदलले. लिहिणाऱ्याने नाव घालू नये, दुसऱ्याचे तर मुळीच घालू नये, आणि ही वही कोणाच्या गोपनीय अहवालासाठी वापरली जाणार नाही, असे मी सर्वांना एकत्र करून सांगितले. कित्येक आठवडे ती कोरी राहिली. सरकारी नोकराला ‘लिहून दे’ हे शब्द ऐकताच मेमो दिसू लागतो, आणि त्याचा अनुभव त्याला खोटे पाडीत नाही. पहिली नोंद अखेर केली ती डॉक्टराने नव्हे, परिचारिकेनेही नव्हे, तर रुग्णवाहिकेवरच्या शिपायाने, आणि तीही दुसऱ्याच्या हातून लिहवून.

ती हकिकत अशी. मांडवीवरचा नेहरू पूल १९८६ च्या ५ जुलैला कोसळला, आणि त्यानंतर नवा पूल होईपर्यंत बारदेश-पेडण्याच्या बाजूने राजधानीकडे जाणाऱ्या सर्वांना बेतीच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट पाहावी लागे. भाताच्या खाचरात सर्पदंश झालेल्या एका माणसाला आम्ही प्रतिविषाच्या कुप्या दिल्या, दंशाची वेळ, कुप्यांची संख्या आणि दिल्याची वेळ चिठ्ठीवर नीट लिहिली, आणि त्याला पुढे धाडले. चिठ्ठी ठेवली मुलाच्या खिशात. धक्क्यावर गर्दी, वरून पाऊस. रोगी पहिल्या फेरीत चढला आणि मुलगा मागे राहिला. पैलतीरावर पोहोचलेल्या रोग्याला बोलण्याचे भान नव्हते, आणि त्याला किती प्रतिविष मिळाले आहे, मिळाले आहे की नाही, हे सांगणारा कागद नदीच्या अलीकडे होता. शिपायाने मात्र निघताना रिकाम्या कुप्या सदऱ्याच्या खिशात टाकल्या होत्या. का, असे विचारता, काच फेकावयास जागा दिसली नाही म्हणून, एवढेच उत्तर त्याने दिले. त्या कुप्या पाहून पलीकडच्या डॉक्टरांना मात्रा कळली. तिसऱ्या रकान्यात आम्ही लिहिले: चिठ्ठी नातेवाइकाकडे देऊ नये, प्लास्टिकच्या पिशवीत घालून रोग्याच्या अंगावरच्या कपड्यास पिनेने लावावी, आणि रिकाम्या कुप्या त्याच पिशवीत घालाव्या. यासाठी कोणत्याही समितीची शिफारस लागली नाही, आणि खर्च आला तो पिनांचा.

शिपायाची नोंद वहीत पडली, तिच्यावर कोणाला मेमो मिळाला नाही, उलट तिच्यामुळे नियम बदलला, हे पाहिल्यावर वही बोलू लागली. एका नोंदीचा विषय होता काचेची नळी. सर्पदंशात रक्त गोठते की नाही हे पाहण्यासाठी कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन वीस मिनिटे स्तब्ध ठेवावयाचे आणि मग नळी कलती करून पाहावयाचे, अशी साधी आणि उत्तम चाचणी आहे. परंतु नळी साबणाच्या पाण्याने धुतलेली असली, तर निरोगी माणसाचे रक्तही तीत नीट गोठत नाही, आणि नसलेल्या विषावर महागडे आणि प्रसंगी धोक्याचे प्रतिविष दिले जाते. आमचा नवा सेवक अत्यंत नेकीचा असल्यामुळे त्याने सर्व नळ्या साबणाने लखलखीत करून ठेवल्या होत्या! त्याला रागावण्यात अर्थ नव्हता; त्याला कोणी सांगितलेच नव्हते की या एका बाबतीत स्वच्छता हाच दोष ठरतो.

दुसऱ्या नोंदीने मला त्या रात्री झोप लागू दिली नाही. वीज गेलेली, आषाढातली रात्र, टॉर्चच्या उजेडात परिचारिकेने इंजेक्शनची भुकटी कालविण्यासाठी ट्रेमधून पाण्याची कुपी उचलली, फोडण्याआधी सवयीने ती डोळ्यांशी धरली, आणि अक्षरे वाचली तेव्हा ती पोटॅशियम क्लोराइडची निघाली. दोन्ही कुप्या सारख्या आकाराच्या, दोन्हींतील द्रव पाण्यासारखा रंगहीन, दोन्हींवरची छपाई मुंगीएवढी. पोटॅशियमचे संहत द्रावण पातळ न करता शिरेत गेले तर हृदय थांबते, आणि थांबलेले पुन्हा सुरू होणे कठीण. तिने लिहिले, आणि खाली कोणी तरी शेरा मारला की, लक्षपूर्वक वाचावे. मी तो शेरा खोडला. ज्या बाईने अंधारात वाचून एक जीव वाचविला तिला वाचण्याचा उपदेश करणे हे जितके उद्धटपणाचे तितकेच निरुपयोगी होते. कारण पुढल्या अंधाऱ्या रात्री ट्रेजवळ ती नसेल, दुसरी कोणी तरी असेल, आणि चोवीस तासांची पाळी करून थकलेली असेल. आम्ही पोटॅशियमच्या सर्व कुप्या ट्रेमधून काढून कुलपाच्या कपाटात ठेवल्या आणि किल्ली एका ठिकाणी टांगली. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने हीच शिफारस, म्हणजे संहत पोटॅशियम वॉर्डात उघडे ठेवू नये ही, जगभरच्या रुग्णालयांना केली. ती वाचून मला अभिमान वाटला असे म्हणणे खोटे होईल; इतकी उघड गोष्ट सर्वत्र इतक्या उशिरा का कळावी, असेच वाटले.

‘हय’चा बंदोबस्तही त्याच वहीतून झाला. रोग्याला ‘तू अमकी ना?’ असे विचारावयाचे नाही, ‘तुझे नाव काय, घोवाचे किंवा बापायचे नाव काय, आणि वाडो कुठला?’ असे विचारावयाचे, असा दंडक आम्ही घातला. होय म्हणून ज्याचे उत्तर देता येईल असा प्रश्नच विचारावयाचा नाही. आरंभी रोग्यांना हे चमत्कारिक वाटे. काल नाव सांगितले, आज दोतोर पुन्हा नाव विचारतो, म्हणजे याची स्मरणशक्ती गेली, असे एक म्हातारा आपल्या मुलाला बाहेर सांगत असलेला मी कानांनी ऐकला आहे.

१९८६ सालाचा उल्लेख वर आला, तो पुलासंबंधी. परंतु त्याच वर्षाच्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात जे घडले त्याने आमच्या पिढीच्या डॉक्टरांची झोप उडविली होती. मेंदूवरील दाब उतरविण्यासाठी दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेले होते, औषधाच्या नावाखाली कारखान्यात वापरण्याचा माल पुरविला गेला होता, आणि मूत्रपिंडे निकामी होऊन १४ रोगी मृत्युमुखी पडले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने खरेदी, पुरवठा, तपासणी आणि मंत्रालय यांच्यामधली एकूण एक कडी उलगडून दाखविली, आणि प्रत्येक कडीपाशी कोणी तरी सही करून मोकळा झालेला आढळला. पुढे मी शिकवू लागलो तेव्हा हे प्रकरण माझ्या पहिल्या व्याख्यानाचा विषय असे, आणि तो मी मुद्दाम निवडी. कारण त्या रोग्यांना औषध देणाऱ्या डॉक्टरांचे निदान बरोबर होते, मात्रा बरोबर होती, हातही स्वच्छ होते. ज्ञान अचूक असूनही रोगी मरतो, हे विद्यार्थ्याला एकदा पटले म्हणजे त्याचे उरलेले शिक्षण सुरू होते.

त्या रुग्णालयाशी जोडलेल्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाची पहिली तुकडी १८५१ साली बाहेर पडली, आणि तिच्यात पेडणे महालात जन्मलेले भाऊ दाजी लाड होते, ज्यांच्या नावाचे वस्तुसंग्रहालय आज भायखळ्याला आहे. पुरातत्त्व, शिलालेख, समाजसुधारणा, नाट्य, छायाचित्रण, इतक्या विषयांत त्या माणसाने गती दाखविली की त्यांचे वैद्यकातील काम झाकोळून गेले. पण कुष्ठरोगावर त्यांनी कडू कवठीच्या जातीच्या तेलाचा प्रयोग केला आणि रोग्यांची छायाचित्रे काढून फरक टिपला, हे स्मरणात ठेवण्यासारखे आहे. खेदाची बाब ही की, पूर्ण खात्री होईपर्यंत औषध उघड करू नये या विचाराने त्यांनी ते बराच काळ गुप्त राखले, आणि १८७४ साली त्यांचा अंत झाला. आमच्या तालुक्याच्या या थोर पुत्राचा मी विद्यार्थ्यांपुढे नेहमी आदराने उल्लेख केला, आणि त्याच दमात हेही सांगितले की, वैद्याने आपली विद्या स्वतःपाशी ठेवणे ही या देशातील सर्वांत जुनी आणि सर्वांत महाग पडलेली परंपरा आहे. यश झाकले जाते तेथे अपयश कोण उघडे करणार?

शिकविण्याचा माझा अनुभव मिश्र आहे. दर शनिवारी प्रत्येक विद्यार्थ्याने वॉर्डात स्वतः पाहिलेली एक टळलेली गोष्ट आणावी, असा परिपाठ मी ठेवला. आरंभी मुले रिकाम्या हाताने येत, मग इतर विभागांच्या गोष्टी चवीने सांगू लागली, आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्याला त्यांची दृष्टी फिरू लागली: सलाइनच्या दोन नळ्या एकाच रंगाच्या का असतात, रात्रीच्या पाळीचा डॉक्टर सकाळच्या डॉक्टराला रोगी सोपविताना उभ्या उभ्या दोन मिनिटांत काय सांगतो आणि काय विसरतो, आरोंदा-बांद्याकडून येणारी माणसे पांढऱ्या गोळ्यांच्या ज्या पुड्या आणतात त्यांवर नाव का नसते. हस्ताक्षराचा विषय तर इतका निघे की, २०१६ साली औषधांची मूळ नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत असा नियम वैद्यक परिषदेने केला, तेव्हा माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी मला अभिनंदनाचे निरोप धाडले, जणू तो मीच काढवून घेतला होता. पण एका बाबतीत मला यश आले नाही, ते येथे नमूद करतो. जो विद्यार्थी वॉर्डात परिचारिकेचे बोलणे कान देऊन ऐके, तोच पुढे स्वतः विभागप्रमुख झाल्यावर तिला मध्येच थांबवू लागे. हुद्द्याबरोबर कान जड होतात, आणि याच्यावर औषध मला सापडले नाही. शस्त्रक्रियेपूर्वी सर्वांनी मिळून वाचावयाची जी तपासणीसूची जागतिक आरोग्य संघटनेने काढली, तिचा प्रयोग दिल्लीसह जगातील आठ शहरांतील रुग्णालयांत झाला आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू शेकडा १·५ वरून ०·८ वर आले. लोक म्हणतात हा सूचीचा गुण. मला वाटते त्यातला मोठा वाटा या गोष्टीचा असावा की, सूची वाचण्याच्या निमित्ताने शस्त्रक्रियागृहातील सर्वांत कनिष्ठ माणसाला सर्जनच्या तोंडावर प्रश्न विचारण्याचा परवाना मिळाला.

अलीकडे या विषयाला प्रतिष्ठा आली आहे. १७ सप्टेंबर हा रुग्णसुरक्षेचा जागतिक दिवस म्हणून २०१९ पासून पाळला जातो, आणि त्या दिवशी कित्येक रुग्णालयांच्या प्रवेशद्वारात या विषयावर रांगोळीस्पर्धा होते, जीत पहिले बक्षीस बहुधा परिचर्या महाविद्यालयाला मिळते. त्याच सालापासून वैद्यकाच्या अभ्यासक्रमात वर्तन, नीती आणि संवाद यांना स्वतंत्र तास मिळाले आहेत. हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु संगणकावरचा तो लांबलचक अर्ज, ज्यात घटनेच्या आधी लिहिणाऱ्याचे नाव, हुद्दा आणि कर्मचारी क्रमांक विचारला जातो, तो पाहिला म्हणजे मला खात्रीने कळते की, तो तयार करणाऱ्याने बेतीच्या धक्क्यावरच्या शिपायाचा विचार केलेला नाही. त्या अर्जातून आकडे जमतील. रिकाम्या कुप्या कोणी खिशात का टाकल्या, हे त्यातून कधीही कळणार नाही. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली, तो निर्णय रुग्णाच्या दृष्टीने न्यायाचाच होता असे माझे मत आहे, जरी माझ्या व्यवसायबंधूंना ते रुचत नाही. पण न्यायालय झालेल्या हानीचा निवाडा करते, न झालेल्या हानीचा कोणी करावयाचा, हा प्रश्न त्याने सुटत नाही आणि सुटावा अशी अपेक्षाही नाही.

मोपाच्या पठारावर विमाने उतरू लागल्यापासून पेडण्याचे रूप झपाट्याने पालटत आहे. नवी रुग्णालये येतील, त्यांत यंत्रे चांगली असतील, आणि डॉक्टर बाहेरगावचे, म्हणजे आपली बोली न जाणणारे असतील. म्हणून या दोन महालांतील माझ्या वाचकांना विनंती आहे ती अशी. तुम्ही अथवा तुमची माणसे खाटेवर असताना कोणी नाव उच्चारून ‘तूच ना?’ असे विचारले, तर मान हलवू नका. आपले पूर्ण नाव, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव आणि वाडा स्वतःच्या तोंडाने सांगा. सुई टोचण्यापूर्वी ती कशाची आहे हे विचारा. पुढच्या रुग्णालयात जाताना चिठ्ठी रोग्याच्या अंगावर लावून घ्या, मुलाच्या खिशात ठेवू नका. आणि शेजारच्या खाटेवर काही वावगे होत आहे असे वाटले, तर आपला संबंध काय असे म्हणून गप्प बसू नका, मोठ्याने बोला. दोतोर रागावला तर रागावू द्या.